ऊदनाडाटा ट्रॅकला छोटी गाडी न्यायची म्हणतोस तर...

अरे, ऑस्ट्रेलियातल्या ऊदनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर जायचा तुझा मेसेज वाचला. गाडी उंच करायचं लिफ्ट किट बसवू का, पुढे बुलबार (जनावर धडकलं तर गाडी वाचवणारा लोखंडी दांडा) लावू का, छतावर दिव्यांची पट्टी हवी का. माझं उत्तर सरळ आहे, यातलं काहीही नको, सगळे पैसे टायरमधे घाल.

तुझी सुबारू फॉरेस्टर ऑल व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते, पण ती खडतर रस्त्यासाठीची फोर बाय फोर नाही, हे पहिलं मनाशी पक्कं कर. हळू पण जोर लावून चालवायचा लो रेंज गिअर नाही, आणि मऊ वाळूत इंजिन ओढत राहिलं की सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तापतो. एक्स-मोड, म्हणजे चाकं घसरू नयेत म्हणून असलेलं बटण, चिखलाच्या चढावर बरा, पण ताशी ४० किमीच्या वर तो बंद होतो, त्यामुळे त्याच्या जिवावर सिम्प्सन डेझर्टच्या वाळूच्या टेकड्या चढायची स्वप्नं बघू नकोस. ऊदनाडाटा मात्र तुझ्या गाडीचाच रस्ता आहे. मरीपासून मार्लापर्यंत साधारण ६२० किमी, कच्चा पण देखभाल होणारा, आणि मरी, विल्यम क्रीक, ऊदनाडाटा, मार्ला असं दर २०० किमीच्या आसपास पेट्रोल मिळतं, म्हणजे जास्तीच्या कॅनची फारशी चिंता नाही, प्रत्येक ठिकाणी टाकी फुल कर म्हणजे झालं.

आता टायर. चारही एकाच ब्रँडचे आणि एकसारखे झिजलेले पाहिजेत, कारण एक नवा आणि तीन जुने असले की घेरात फरक पडतो आणि पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी सतत झगडत राहतात, दुरुस्तीचं बिल बघून रडशील. म्हणून घरी झिजलेला टायर बदलताना चारही बदल. आणि डिकीचा तळ आजच उचलून बघ, खाली बारका स्पेस-सेव्हर असेल तर पूर्ण मापाचं स्पेअर घे, तेही इतर चारांसारखंच. त्या बारक्या चाकावर खडीतून २०० किमी जाणं म्हणजे नशिबाची परीक्षा. दुकानदार चिखलासाठीचा मड टेरेन टायर गळ्यात मारायला बघेल, सगळ्या रस्त्यांवर चालणारा साधा ऑल टेरेन पुरतो.

डांबर संपलं की थांब, गेज काढ आणि हवा कमी कर. डांबरावर ३३-३५ ठेवत असशील तर इथे २६-२८ पीएसआय, आणि स्पीड ८० च्या आत. हे लोक का करत नाहीत कळत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. व्हॉल्व्हमधून सूंऽऽ आवाज येतो, मधेच गेज लावून बघायचं, परत सोडायची. कॉरुगेशनवर, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पडलेल्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांवर, फरक लगेच कळतो, डॅशबोर्ड खडखडायचा थांबतो, टोकदार दगडावरून टायर वाकून जातो, फाटत नाही. परत भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर मात्र हवाच.

पावसाचं ऐक. तिथली चिकणमाती ओली झाली की आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीसारखी चाकाला चिकटते, मडगार्डमधे भरते, ऑल व्हील ड्राइव्ह काही करू शकत नाही. सरकार रस्त्यांची स्थिती जाहीर करतं, 'क्लोज्ड' लिहिलं असेल तर जायचं नाही, दंड मोठा आहे आणि तुझ्या चाकोऱ्या पुढे महिनाभर सगळ्यांना त्रास देतात. विल्यम क्रीकच्या हॉटेलात दोन दिवस काढ, ॲना क्रीक स्टेशन नावाचं जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक गुरांचं फार्म आजूबाजूला पसरलंय, बघायला आहे. नाहीतर कोरडं असेल तर तिथून कूबर पेडीकडे निघ, १६६ किमी.

जायचं तर मे ते ऑगस्ट. ऊदनाडाटाला २ जानेवारी १९६० ला ५०.७ डिग्री नोंदलं गेलंय, उन्हाळ्यात तिथे हिरोगिरी करायची नाही. पाणी माणशी दिवसाला सात-आठ लिटर धर, वर दोन-तीन दिवसांचं जास्तीचं. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांब, माणूस शोधण्यापेक्षा गाडी शोधणं सोपं असतं. मधे नेटवर्क नसतं, म्हणून पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र) घे, रजिस्ट्रेशन फुकट आहे.

समोरून रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, आली तर, ती ५३.५ मीटरपर्यंत लांब असू शकते, डावीकडे सरकून थांब आणि धूळ बसेपर्यंत ब्रेक सोडू नकोस. संध्याकाळी कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात, अंधारात चालवायचं नाही, साडेचारला तंबू टाक. कावर्ड स्प्रिंग्सला कॅम्प कर, जुन्या घान रेल्वेचं स्टेशन होतं तिथे, झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसता येतं. जवळच ब्लँच कप आणि बबलर हे दोन झरे आहेत, चुकवू नकोस. आणि पुढे त्याच जुन्या रेल्वेचा अल्गेबकिना पूलही.

भाड्याची गाडी नेणार असशील तर वरचं सगळं विसर, बहुतेक कंपन्यांचा इन्शुरन्स कच्च्या रस्त्यावर लागूच होत नाही. स्वतःचीच ने, आणि निघण्याच्या आदल्या रात्री मला रूट आणि विल्यम क्रीकला पोचायची वेळ पाठव. त्या वेळेनंतर तुझा फोन आला नाही तर मी कोणाला तरी तुला शोधायला हलवतो.