यंदा काय काय आवडलं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की २०२५ मधलं तुमचं सगळ्यात आवडतं गाणं, सिनेमा आणि पुस्तक कळवा. पत्रं भरपूर आली, पण यादीपेक्षा प्रश्नच जास्त. म्हणून यावेळी तेच घेतलेत.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): ताई, माझं यंदाचं सगळ्यात आवडतं पुस्तक सत्तर वर्षांपूर्वीचं आहे, व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. मुलगी म्हणते आई असं चालत नसतं, वर्षाची यादी म्हणजे त्या वर्षी आलेली पुस्तकं. मग मी काय लिहू?

उत्तर: 'बनगरवाडी'च लिहा की! पुस्तक १९५५ चं आहे, पण तुम्ही ते यंदा वाचलंत ना, तुमच्या डोक्यात ते यंदा होतं ना, मग ते यंदाचंच. त्या वर्षी काय काय छापलं गेलं त्याची यादी प्रकाशक करतात, ते त्यांचं काम आहे. आपली यादी म्हणजे आपण ते वर्ष कसं काढलं त्याची. मुलीला सांगा ताईंनी सांगितलंय म्हणून.

आणि योगायोग बघा, माझंही यंदाचं पुस्तक तेच आहे. माझी जुनी प्रत २०१९ च्या पुरात गेली. आमचं घर गावभागात, त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आम्ही वरच्या मजल्यावर नेता येईल तेवढं नेलं, गॅस, धान्य, कागदपत्रं, आणि पुस्तकांचं खालचं कपाट राहिलं ते राहिलंच. पाणी उतरल्यावर कपाट उघडायला गेले तर दारच उघडेना, पुस्तकं फुगून एकमेकांना इतकी घट्ट बसलेली. 'बनगरवाडी' हातात घेतलं तर पानं सुटी होईनात, वीट धरल्यासारखं वाटलं, आणि मधल्या एका पानावर व्यंकटेश माडगूळकरांनी स्वतः काढलेलं एक चित्र तेवढं अर्धं दिसत होतं. टाकवलं नाही, गच्चीवर आठ दिवस वाळवलं, पण चिखलाचा वास काही गेला नाही. शेवटी द्यावंच लागलं. त्यानंतर नवी प्रत घ्यायचं सहा वर्षं राहून गेलं, खरं सांगायचं तर मनच होत नव्हतं. यंदा जूनमध्ये घेतली आणि दोन रात्रीत वाचली.

आणि यावेळी मला ते वेगळंच दिसलं. आधी वाचताना तो पोरगेला मास्तर, तो म्हातारा कारभारी, सगळ्यांनी मिळून उभारलेली तालीम, तिच्यासाठी आलेले औंधचे राजे, एवढंच लक्षात राहिलं होतं. यावेळी शेवटाला अडकले. दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वाडी रिकामी होते. आमचं पाण्यानं झालं आणि त्यांचं पाणी नसल्यानं, पण घराला कडी लावून निघतानाचं माणसाचं तोंड सारखंच असतं हो. एकाच जिल्ह्यात इकडं कृष्णाकाठी पूर आणि तिकडं आटपाडी-जतला टँकर, हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण मला ते त्या पुस्तकानं आतून कळलं. म्हणून ते माझ्या यादीत पहिलं.

प्रश्न (मिरज): तुम्ही गाण्याबद्दल कधी नीट लिहीत नाही ताई. यंदा काय ऐकलंत? आणि मिरजेचं काही असेल तर बरं वाटेल.

उत्तर: मिरजेचंच आहे. आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, जुना तानपुरा वीस वर्षं माळ्यावर पडून होता. दिवाळीनंतर तो सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. तिथल्या कारागिरांनी भोपळ्यावर टिचकी मारली, कानाशी नेला, म्हणाले भोपळा ठणठणीत आहे, जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, तेवढी गेलीय. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, जाड सालीचे, आणि चांगला पिकलेला, वाळलेला भोपळा मिळाला की पिढ्या जातात त्यावर, असं ते सांगत होते.

मग मी तिथंच बसून राहिले. जवारी काढायची म्हणजे घोडीचा वरचा पृष्ठभाग, ज्याच्यावरून तारा जातात तो, कानशीनं इतका किंचित घासायचा की बघणाऱ्याला काही केलं असं वाटूही नये. दोन हात फिरवले, भुसा फुंकला, तार चढवली, छेडली, मान हलवली, तार उतरवली, परत दोन हात. असं किती वेळा झालं मोजलं नाही मी, चहा दोनदा आला एवढं आठवतं. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, बोटानं नुसता इकडून तिकडं, आणि एका जागी तो आला तशी ती तार एकदम बोलायलाच लागली, मागं भुंगा असावा तसा गुंजारव सुरू झाला आणि दुकान भरून गेलं. मला दादा आठवले, रडूच आलं. कारागिरांनी काही न बोलता दुसरी तार घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते सगळ्यांनी वाचलंय, पण एकदा तिथं जाऊन तासभर बसा, कशाला मिळालं ते कळेल.

त्या रात्री घरी येऊन खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतली 'जमुना के तीर' लावली, आणि तेव्हापासून रोज एकदा तरी लावतेच. जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात त्या माणसानं आख्खी संध्याकाळ उभी केलीय. आवाज बारीक, कुठंही जोर नाही, स्वर लागला की तो सुटतच नाही, पुढचा स्वर त्यातूनच निघतो. खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत बरं वाटेना म्हणून एका छोट्या स्टेशनवर उतरले आणि फलाटावरच तानपुरा लावून गात गात त्यांनी देह ठेवला असं सांगतात. समाधी आपल्या मीरासाहेब दर्ग्यात. उरुसात तिथं गाणं होतं, मोठमोठी माणसं येऊन गातात. मिरजेत राहून त्याला कधी गेला नसाल तर यावेळी जाच.

प्रश्न (कराड): सिनेमा कुठला? 'दशावतार' ना? आमच्या घरात सगळ्यांना तोच आवडला.

उत्तर: 'दशावतार' मीही बघितला, दिलीप प्रभावळकरांचं वय ८१ आणि काय ते काम, डोळे हलत नाहीत पडद्यावरून. पण एकच म्हणाल तर माझा 'साबर बोंडं'. तोही सप्टेंबरमध्येच आला. आमच्याकडं गैरसोयीच्या वेळेला एकच शो होता, आम्ही चौघी धावतपळत गेलो, आठ दिवसांनी बघते तर उतरवलेला. याचं मला खरंच वाईट वाटलं. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीस मिळालं, जगभर लोकांनी बघितला आणि ज्यांच्या भाषेत आहे त्यांनाच बघायला मिळू नये?

गोष्ट साधी आहे. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावाकडं येतो, तिथं लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, आणि दोघांच्यात हळूहळू प्रेम उमलतं. कुणी ओरडत नाही, कुणी भाषण देत नाही. घरातल्या बायकांचं बोलणं, आलेगेलेले, 'आता लग्नाचं बघा' म्हणणारे नातेवाईक, हे सगळं इतकं आपल्या घरातलं आहे की माझ्या शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, ही तर आमची आत्याच. आणि आनंदची आई! तिला सगळं ठाऊक आहे आणि ती मुलाच्या बाजूनं उभी आहे, त्याचा गाजावाजा न करता. मला ती बाई फार आवडली.

साबर बोंडं म्हणजे फड्या निवडुंगाची लाल फळं, आमच्या आजोळी माणदेशात खूप. मामा ती मातीत घोळून घोळून बारीक कुसं काढायचा, मग सोलून आमच्या हातावर ठेवायचा, आणि खाऊन तोंड असं लालभडक व्हायचं की घरी लपवता यायचं नाही. सिनेमात बाळ्या आनंदला ती फळं आणून देतो तेव्हा मला पुढचं थोडा वेळ दिसलंच नाही.

प्रश्न (सातारा): मुलगा नववीत आहे, पुस्तकाला हात लावत नाही. तुमच्या यादीतलं त्याला काय देऊ?

उत्तर: माझ्या यादीतलं काहीच देऊ नका. त्याला पाचगणीजवळ भिलारला न्या, तुम्हाला जवळच आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत, देवळांत पुस्तकं मांडलेली, कुठंही जाऊन बसा आणि वाचा, पैसे नाहीत. हे वाच, ते वाच म्हणू नका. त्याला मोकळं सोडा, तुम्ही तुमचं वाचत बसा.

प्रश्न (कोरेगाव): साताऱ्यात १ जानेवारी २०२६ पासून ९९ वं साहित्य संमेलन आहे, तुम्ही येणार का? पुस्तकं कुठली घेणार?

उत्तर: येणार म्हणजे, सुट्टी केव्हाच टाकलीय! अध्यक्ष विश्वास पाटील शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ल्याचे, त्यांचं भाषण चुकवायचं नाही. पुस्तकांची यादी करून जात नाही मी, स्टॉलवर उभी राहून दोन-दोन पानं वाचते आणि जे खाली ठेववत नाही ते घेते. एक मात्र ठरवून घेणार आहे, 'बनगरवाडी'ची आणखी एक प्रत. ती विश्रामबागच्या त्या ताईंच्या मुलीसाठी. ताई, पत्ता कळवा.