बार्सिलोनाहून क्रूझ: जहाज रविवारी, पण सोहळा शनिवारी रात्रीच करा

ताई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा! तुम्ही लिहिलंय की तीन जोडप्यांनी मिळून बार्सिलोनाहून सुटणारी आठवड्याची क्रूझ घेतली आहे. मार्सेय, जेनोआ, रोमचं बंदर चिवितावेक्किया, पालेर्मो, ट्युनिस असा मार्ग आहे. जहाज रविवारी संध्याकाळी सहाला सुटतं, वाढदिवसही नेमका त्याच दिवशी, आणि रविवारी सकाळी पोहोचणारं विमान स्वस्त मिळतंय. ते घ्यावं का आणि शहराला किती दिवस द्यावेत, असा तुमचा प्रश्न आहे.

ते विमान घेऊ नका. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोहोचा, शुक्रवार-शनिवार शहरासाठी ठेवा आणि वाढदिवस शनिवारी रात्री शहरातच साजरा करा.

जहाज सहाला सुटतं म्हणजे साडेपाचला बंदरावर पोहोचलं तरी चालेल, असं नसतं. प्रवाशांची यादी आधी पक्की करावी लागते, त्यामुळे चेक-इन सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. तुमचं विमान रखडलं म्हणून जहाज थांबत नाही. मग पुढचं बंदर गाठायचं तर सहा जणांची ऐनवेळची तिकिटं काढायची, आणि मधल्याच बंदरात चढायचं तर कंपनीची परवानगीही लागते. विमान वेळेत आलं पण बॅगा मागे राहिल्या, तर त्या बॅगा तुमच्यामागे बंदरोबंदरी फिरत राहतील. एवढी टांगती तलवार घेऊन वाढदिवसाची सकाळ कशाला घालवायची?

दुसरं म्हणजे पहिल्या रात्रीचा समुद्र. बार्सिलोनाहून मार्सेयला जाताना जहाज लायनचं आखात ओलांडतं. तिथे मिस्ट्राल नावाचा वायव्येचा थंड, जोरकस वारा वाहतो आणि तो सुरू असला की मोठं जहाजही डोलतं. दर वेळी असं होतंच असं नाही, पण पंचवीस वर्षांच्या निमित्ताने योजलेलं जेवण नेमकं त्याच रात्री ठेवू नये. ज्याला बोट लागते त्याने गोळी वारा सुटण्याआधी घ्यायची असते. केबिन अजून ठरल्या नसतील तर खालच्या डेकवरच्या, जहाजाच्या मध्यभागातल्या मागा. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

आता शहर. राहायला एशाम्पला भाग घ्या, पासेच दे ग्रासियाच्या आसपास. जुन्या शहरातला गॉथिक क्वार्टर फिरायला सुंदर आहे, पण तिथल्या दगडी गल्ल्यांत टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि सहा मोठ्या बॅगा ओढताना जीव मेटाकुटीला येतो. विमानतळावरून एरोबस नावाची बस थेट प्लासा कातालुन्याला सोडते, साधारण पस्तीस मिनिटांत. मेट्रोचं टी-कॅज्युअल कार्ड एकालाच वापरता येतं, सहा जणांत फिरवता येत नाही. टी-फॅमिलियार हे आठ फेऱ्यांचं कार्ड मात्र सगळ्यांना मिळून चालतं. विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर या दोन्हींचा उपयोग नाही, एवढं ध्यानात ठेवा.

शुक्रवारी जुनं शहर पायी फिरा. कॅथेड्रलच्या आतल्या अंगणात तेरा पांढरे हंस पाळलेले आहेत. शहराची संत युलालिया तेराव्या वर्षी हुतात्मा झाली असं मानतात, म्हणून तेरा. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललात की सांता मारिया देल मार. हे चर्च मला बार्सिलोनात सर्वांत जवळचं वाटतं, आणि समुद्रावर निघणाऱ्या माणसाने ते चुकवू नये. 1329 ते 1383 या काळात ते उभं राहिलं. त्याचे दगड बंदरावरच्या हमालांनी मोंजुइकच्या डोंगरावरून पाठीवर वाहून आणले. मुख्य दरवाज्याजवळ जाऊन नीट पाहा: ओझ्याखाली वाकलेल्या हमालांच्या छोट्या ब्राँझच्या आकृत्या तिथे आहेत. पूर्ण उंचीचे आठकोनी खांब, त्यांच्यात प्रचंड अंतर, सजावट जवळजवळ नाही. आत थोडा वेळ बसा, घाई करू नका.

सग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चची तिकिटं आजच काढा, ठरावीक वेळेची असतात आणि लवकर संपतात. 1882 साली काम सुरू झालं, पुढच्या वर्षी ते वास्तुकार गौदीकडे आलं, आणि 1926 मध्ये ट्रामच्या धडकेने तो गेला तेव्हा इमारतीचा थोडाच भाग उभा होता. त्याला तिथेच तळघरात पुरलं आहे. वेळ निवडताना एक बघा. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेच्या लाल-नारिंगी. सकाळी आत सगळं गार निळं दिसतं, उन्हं उतरायला लागली की खांब खालपासून वरपर्यंत केशरी होतात. मी नेहमी उशिराची, शेवटच्या दोन-अडीच तासांतली वेळ सुचवते. शनिवारची संध्याकाळ त्यासाठीच राखा.

आणि शनिवारची सकाळ? ती सगळ्यांनी वेगवेगळी घालवा. हे मुद्दाम सांगतेय. पुढचा आठवडाभर सहाही जण एकाच टेबलावर, एकाच डेकवर असणार आहात. कुणाला पार्क ग्वेल बघायचंय, कुणाला बोकेरिया बाजारात रमायचंय, कुणाला नुसतं झोपायचंय. शिवाय वाढदिवस तुमचा आहे, तेव्हा तुम्हा दोघांना चार तास एकटे मिळायलाच हवेत. जुनी मैत्री असली की वेगळं फिरू या म्हणायला संकोच वाटतो, म्हणून हे निघण्याआधीच बोलून घ्या, कुणीच मनाला लावून घेणार नाही.

रात्रीचं टेबल साडेनऊचं घ्या. तिथली माणसं जेवतातच उशिरा. गप्पा मारत जेवलात तर गोड येईपर्यंत बारा वाजतात, म्हणजे तारीखही बरोबर साधते. शॅम्पेनऐवजी कावा ही तिथली फेसाळ वाइन मागवा. शहराच्या नैऋत्येला पेनेदेस भागात ती बनते, दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बाटलीतच होते आणि किंमत बरीच कमी असते. शाकाहारी मंडळींसाठी टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा, बेदाणे आणि पाइन नट घातलेला पालक. मात्र भाजीतही हॅमचे (डुकराच्या मांसाचे) तुकडे घालायची पद्धत आहे, त्यामुळे ‘भाजीच आहे ना’ एवढ्यावर न थांबता हॅम नको असं स्पष्ट सांगा. रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर आणि मेट्रोत पाकीटमार फार आहेत. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवूनच बाहेर पडा.

रविवारी बोर्डिंगची जी वेळ मिळाली असेल त्याच वेळेला जा. बहुतेक मोठी जहाजं मोल अडोसात या धक्क्यावर लागतात, आणि तिथे टर्मिनल बरीच आहेत, तेव्हा आपलं कोणतं ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. सामानासकट सहा जण एका साध्या टॅक्सीत मावणार नाहीत, दोन करा. मोठ्या बॅगांना केबिनचे टॅग लावून हमालांकडे द्यायच्या, त्या संध्याकाळी उशिरापर्यंत केबिनशी येतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि रात्री घालायचा एक जोड हातातल्या बॅगेत असू द्या.

जहाजावरची सुरक्षेची कवायत टाळू नका, कंटाळवाणी वाटली तरी. 13 जानेवारी 2012 ला कोस्ता कोंकोर्दिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. त्या अपघातात 32 जण गेले. त्यानंतर नियम बदलला आणि आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती घ्यावी लागते. आपली जमायची जागा सहाही जणांनी प्रत्यक्ष चालत जाऊन बघा.

ते झालं की वरच्या डेकवर मागच्या बाजूला या. मोंजुइकचा किल्ला, साठ मीटर उंच स्मारकाच्या टोकावरचा कोलंबसाचा पुतळा, शिडाच्या आकाराचं हॉटेल, मागे सग्रादाचे मनोरे. दोन दिवस त्या रस्त्यांवरून चालला असाल तर एकेक ओळखत, एकमेकांना दाखवत बाहेर पडता. सकाळी विमानातून उतरून थेट जहाजात चढलेल्याला त्यातलं काहीच ओळखू येत नाही.

जहाजावरचा समारंभ दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री ठेवा. केक, केबिनची सजावट हे कंपनीला आधी कळवावं लागतं. तिन्ही बुकिंग वेगवेगळी केली असतील तर ती एकमेकांना जोडून घ्या आणि जेवणाची एकच पाळी मागा, नाहीतर तीन जोडप्यांना तीन टेबलं मिळतात.

शेवटी व्हिसा. ट्युनिस ज्या देशात आहे तो ट्युनिशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथे गेलात की तुम्ही बाहेर पडलात, आणि परत बार्सिलोनाला येणं हा नवा प्रवेश धरला जातो. भारतीय पासपोर्ट असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही, मल्टिपल एंट्रीच मागा. या बेतात सर्वांत जास्त मुक्काम आणि पहिला प्रवेश दोन्ही स्पेनमध्ये आहेत, तेव्हा अर्ज स्पेनकडेच करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो, आणि विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. ट्युनिशियात उतरायचे नियम कंपनीकडून लेखी मागवून घ्या. आणि जहाज धक्का सोडेल तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रावर तो जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल फार मोठं येतं.