पेट्रोल पंपाजवळच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय. टाकी गळतेय का, हे कसं तपासायचं?

आधी पाणी वापरणं बंद करा, आणि विहिरीवरची मोटर चालू करू नका; ठिणगीने भडका उडू शकतो.

पेट्रोल पंपाकडे रोजच्या डिपचा (टाकीत दांडी बुडवून मोजलेल्या साठ्याचा) आणि विक्रीचा हिशोब असतो. एका दिवसाची तूट पाहून आरोप करू नका: 20,000 लिटर पेट्रोल 5 अंशांनी थंड झालं तरी शंभरेक लिटर कमी भरतं. महिनाभर तूट एकाच दिशेने वाढत असेल तर संशय घ्या. डिपरॉडला (त्या दांडीला) वॉटर पेस्ट, म्हणजे पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट, लावून टाकीतलं पाणीही बघा. भर पावसाळ्यात ते वाढत असेल तर भूजल आत शिरत असू शकतं. टाकीइतकीच पाइपलाइनचीही प्रेशर टेस्ट मागा, बऱ्याचदा सांधेच गळतात.

विहिरीच्या पाण्याचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नको, बेंझिन (पेट्रोलमधला विषारी घटक) उडून जातं. 40 मिलीच्या काचेच्या व्हायलमध्ये, बुडबुडा न ठेवता, लॅबने दिलेल्या आम्लासह भरा, बर्फात ठेवून लगेच पाठवा. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे.

भूजलाच्या प्रवाहाची दिशा काढायला किमान तीन बोअर लागतात, तेही एका रेषेत नकोत. आपल्या काळ्या पाषाणात पेट्रोल भेगांनी पळतं, त्यामुळे शेजारची विहीर स्वच्छ आणि लांबची खराब, असंही होतं.