कुलंट दर आठवड्याला कमी होतो, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. गळती शोधायची कुठे?

तुमचा प्रश्न वाचून मला माझीच गाडी आठवली. तुम्ही लिहिलंय: दहा-बारा वर्षांची पेट्रोल गाडी, आठवड्याला पाव लिटर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गायब, पार्किंगची फरशी ठणठणीत कोरडी, घाटात तापमानाचा काटा वर, आणि गॅरेजवाला म्हणतोय, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल," म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि त्याखालचं सील. इतक्यात त्याला हो म्हणू नका.

मी मेकॅनिक नाही. पण पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून दोनदा उभा राहिलोय. थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) बदलून झाला, फॅनचा रिले बदलून झाला, काटा तसाच. शेवटी दोष निघाला रेडिएटरचा. हल्लीच्या बहुतेक रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि कडेच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. जाळीची कड दुमडून त्या आवळलेल्या असतात, मध्ये रबर. गरम-गार होऊन होऊन ते रबर कडक होतं. माझी गाडी थंड असताना तिथून काहीच येत नव्हतं. तापून दाब चढला की बारीक फवारा उडायचा, फॅनचा वारा तो इंजिनावर फेकायचा आणि तो तिथल्या तिथे वाळून जायचा. खाली थेंब पडणार कुठून!

म्हणजे ओल शोधू नका, डाग शोधा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंड असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन बघा. कुलंट वाळला की त्याच्या रंगाची, गुलाबी किंवा हिरवट, नाहीतर पांढरी खरपुडी उरते. रेडिएटरच्या कडा, वरचा आणि खालचा होज पाईप, प्रत्येक क्लिपची जागा बघा. मग वॉटर बॉडी, म्हणजे कुलंट फिरवणारा पंप. पंपाच्या शाफ्टखाली एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून कुलंट झिरपतो. हा डाग सहज दिसत नाही, मोबाईल खाली घालून फोटो काढा. डावीकडच्या सीटपुढची मॅट उचलून हात लावा. चिकट ओल आणि गोडसर वास असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरची जाळी (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गळतेय. नुसतं बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या.

डाग सापडला नाही तर एकच चाचणी करून घ्या: प्रेशर टेस्ट. इंजिन थंड असताना रेडिएटरचं टोपण काढून तिथे हातपंप लावतात आणि टोपणावर लिहिलेला दाब (बहुधा ०.९ किंवा १.१ बार) भरून पंधरा मिनिटं थांबतात. त्याहून जास्त भरू देऊ नका. पंपाचा काटा उतरला तर गळती आहे, आणि इंजिन थंड असल्यामुळे कुलंट न वाळता डोळ्यांसमोर ओघळतो. थर्मोस्टॅट बदलण्याआधी मी हे केलं असतं तर त्याचे पैसे वाचले असते. टोपणही तपासून घ्या. निम्मा कुलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, टोपणाच्या दाबाखाली १२५च्या पुढे. टोपणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की दाबच धरत नाही, कुलंट शेजारच्या जादा कुलंटच्या बाटलीत जातो आणि तिथून बाहेर.

गॅस्केटची शंका काढायची असेल तर खुणा वेगळ्या आहेत. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणं, बाटलीत सतत बुडबुडे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. खात्रीच हवी असेल तर रेडिएटरमधली हवा एका निळ्या रसायनातून ओढतात, ते पिवळं पडलं तर बहुधा गॅस्केटच. यातलं काहीच नसताना हेड उतरवणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

तुमची गाडी फक्त सिग्नलला तापत असती तर मी आधी फॅन बघा म्हटलं असतं. घाटात तापते म्हणजे कुलंट कमी पडतोय किंवा नीट फिरत नाही.

तोवर लांब जाऊ नका. वाटेत काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, आणि बाजूला घ्या. अर्धा-पाऊण तास टोपणाला हात लावू नका, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. चढलेला काटा अचानक खाली आला तरी हायसं वाटून घेऊ नका. कुलंट संपून सेन्सर उघडा पडला की काही गाड्यांत असंच होतं.

कोणीतरी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगेलच. जुने ड्रायव्हर करायचे, बारीक भोक तात्पुरतं बुजतंही. पण ती हीटरच्या जाळीतही जाऊन बसते. बोअरचं पाणीही नको, क्षार धरतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा.

आणि टॉपअप करताना सांडलेला कुलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. चवीला गोड असतो, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.