नवा हाय-प्रेशर कॉम्प्रेसर: आधी एवढं सांभाळ

भावा, एअर रायफलचा सिलिंडर भरायला घेतलेलं मशीन स्वस्तातलं असलं तरी चांगली साथ देतं. सुरुवातीला फक्त तेल आणि पाणी बघ.

तेल कॉम्प्रेसरचंच घे, शक्यतो सिंथेटिक, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल ती. गाडीचं उरलेलं इंजिन ऑइल अजिबात ओतू नकोस. ३०० बारपर्यंत (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) दाबताना हवा प्रचंड तापते. चुकीचं तेल जळून व्हॉल्व्हवर कार्बन धरतं, आग लागायचाही धोका असतो. मशीनवरच्या तेल दाखवणाऱ्या काचेवरच्या खुणेपेक्षा जास्त भरलंस तर तेल हवेबरोबर वर चढतं. पहिलं तेल मात्र लवकर बदल. उन्हात धरून बघ, धातूचा बारीक चुरा चमकताना दिसेल.

- मशीन थंड ठेवायला नळीतून फिरणारं पाणी ज्या बादलीतून येतं, तिच्यात बोअरचं क्षाराचं पाणी नको, डिस्टिल्ड घाल. परतीच्या नळीतून धार दिसल्याशिवाय मशीनचं बटण दाबायचं नाही. नवे लोक इथंच चुकतात.
- सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पहाटेच चालव.
- दर काही मिनिटांनी ब्लीड व्हॉल्व्ह (आतली हवा-पाणी बाहेर सोडायची झडप) उघडून ओलावा काढ.

पिस्टन रिंगा, सील यांचं नंतर बघू. आधी बिनधास्त सुरू कर, अडलं की विचार.