परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एप्रिलमध्ये गच्चीवरील मोठ्या कुंडीत वालपापडीचे बी लावले. वेल मांडवभर पसरला आहे, पाने हिरवीगार आहेत; परंतु ऑगस्ट उजाडला तरी एकही फूल दिसत नाही. युरिया द्यावा काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : युरिया मुळीच देऊ नये. आपल्या वेलाला कोणताही रोग झालेला नाही. त्याचा हंगाम अजून यायचा आहे. वालाच्या बहुतेक जुन्या वेलवर्गीय जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोऱ्यावर येतात. मुंबई-ठाण्याकडे जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. ही उतरण पुरेशी झाल्याशिवाय वेल नुसता पाला वाढवत राहतो. त्यामुळे एप्रिलमध्ये लावलेला वेल आणि आषाढात लावलेला वेल जवळजवळ एकाच सुमारास, दिवाळीच्या आगेमागे फुलतात, आणि आधी लावण्याचा लाभ पाल्याच्या पसाऱ्यापुरताच राहतो. याची उलट बाजू रायगड जिल्ह्यात पाहावयास मिळते. तेथे भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कडवा वाल पेरतात आणि दिवस आधीच लहान झालेले असल्यामुळे झाड फारसे न वाढताच फुलते. भांबुर्ड्याचा पाला, ओवा आणि जाडे मीठ घालून मडक्यात भाजलेली थंडीतली पोपटी या शेंगांवाचून होत नाही.

युरिया नको म्हणण्याचे कारण असे, की वालाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र वेलाला मिळवून देतातच, आणि त्यावर आणखी नत्र दिल्यास पाला अधिकच माजतो. वेल उपटू नका. लांबलेले शेंडे खुडा, दाटी विरळ करा आणि कळ्या दिसू लागल्यावर मूठभर गांडूळखत मातीत मिसळा. ज्यांना हंगामाची वाट पाहावयाची नाही, त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या अर्का जय किंवा अर्का विजय या झुडूपवर्गीय जाती लावाव्यात, कारण त्यांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसते. तरीही जागा असेल तर एक वेल मांडवावर असावाच, असे माझे मत आहे.

प्रश्न : कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा पडतो. घरगुती उपाय सांगावा. (एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रथम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढावा. तेवढ्याने न भागल्यास एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे, म्हणजे दिवसा फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना त्रास होत नाही. मुंग्यांची रांगही मोडावी. माव्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याची राखण करतात.

प्रश्न : घरचा श्रावणघेवडा कोवळा असतो, तो कोशिंबिरीत कच्चा घालता येईल का? आणि वालपापडीच्या भाजीतले दाणे कधीकधी शिजूनही कडकच राहतात, ते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कच्चा घालू नये. श्रावणघेवड्यात असलेल्या एका प्रथिनामुळे मळमळ, उलटी आणि जुलाब होऊ शकतात. पिकलेल्या, विशेषतः राजम्याच्या, दाण्यांत त्याचे प्रमाण फार असते, कोवळ्या शेंगेत कमी असते. पण चांगले उकळल्याने ते निष्प्रभ होत असल्यामुळे धोका पत्करण्याचे कारण नाही. उकळत्या पाण्यात सुमारे 10 मिनिटे शिजवून, निथळून, मग दही व कूट घालावे. कोशिंबिरीची चव त्याने उणावत नाही.

वालपापडीबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली शेंगेची अवस्था : टरफल लवचिक असून दाण्याचा फुगवटा नुकताच जाणवू लागला असेल, तेव्हाच ती तोडावी व दोन्ही कडांचे दोर काढावेत. टरफल चिवट झाल्यास ते टाकून ओले दाणे सोलावेत आणि त्यांची उसळ करावी. दुसरी गोष्ट आमसुलाची : आंबटपणामुळे दाणे मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून आमसूल दाणा बोटाने चेपला जाऊ लागल्यावरच घालावे, आणि गूळही त्याच वेळी. ओवा मात्र फोडणीतच हवा. वेलावरच वाळलेल्या शेंगांचे दाणे वापरायचे असतील तर ते रात्रभर भिजवून पाणी टाकून द्यावे, मोड आणून सोलावेत आणि पूर्ण शिजवावेत. मांडवावरील शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडत गेल्यास वेल नव्या फुलांवर येत राहतो. बियाण्यासाठी ठेवायच्या चार-सहा शेंगा तेवढ्या हंगामाच्या अखेरीस वेलावरच वाळू द्याव्यात.