रशियन कादंबऱ्यांतला काळोख सोसवत नाही, अभ्यास कसा करू?

एम.ए.ला रशियन कादंबरीचा पेपर घेतलात आणि दोन महिन्यांत खून, दारू, क्षय आणि मरण याखेरीज काही हाती लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी साहित्याचा माणूस नव्हे. एका सहकारी बँकेत नोकरी झाली, त्यातली अकरा वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर. रशियनही येत नाही, सगळं अनुवादातूनच वाचलंय. तेव्हा हे उत्तर परीक्षेत जसंच्या तसं उतरवू नका.

दोस्तोयव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' मला पहिल्यांदा कळली ती खुनाच्या आधीच्या एका पानावर. तिचा नायक रास्कोल्निकोव्ह, एक कंगाल तरुण, वडिलांचं चांदीचं घड्याळ घेऊन तारणावर पैसे देणाऱ्या म्हातारीकडे जातो. पुढे तो खून करतो तो तिचाच. ती दीड रुबल कबूल करते. रुबलला महिन्याला दहा कोपेक व्याज (शंभर कोपेकचा एक रुबल), तेही आगाऊ. म्हणजे पंधरा कोपेक आधीच कापले. मागचं दोन रुबलचं कर्ज आहे, त्याचे वीस कोपेकही त्यातच वळते केले. पोराच्या हातात पडले एक रुबल पंधरा कोपेक. अशी माणसं मी रोज पाहिली आहेत. हातातल्या नोटा मोजताना ती आपल्याकडे बघत नाहीत.

तेव्हापासून पेन्सिल घेऊन बसतो आणि प्रत्येक रकमेखाली रेघ मारतो. रास्कोल्निकोव्हच्या आईची पेन्शन वर्षाला १२० रुबल. एका दारुड्याची मुलगी सोन्या पहिल्यांदा अंगविक्रय करून येते आणि काही न बोलता टेबलावर ३० रुबल ठेवते. आईने पाठवलेल्या पैशांतले २० रुबल रास्कोल्निकोव्ह त्याच परक्या दारुड्याच्या अंत्यविधीसाठी देऊन टाकतो. आणि खून करून आणलेलं पाकीट? ते दगडाखाली दडवतो, उघडूनसुद्धा बघत नाही. त्यात ३१७ रुबल ६० कोपेक होते, हे आपल्याला अगदी शेवटी, खटल्याच्या वेळी कळतं. वरच्या नोटा तोवर ओलीने खराब झालेल्या.

आता खानावळीतला तो विद्यार्थी आठवा. एका म्हातारीचा जीव घेऊन शंभर जीव वाचत असतील तर हे साधं अंकगणित आहे, असं तो म्हणतो. दोस्तोयव्हस्की हेच गणित पुढच्या चार-पाचशे पानांत तपासत बसलाय. 'रशियन आत्म्याची खिन्नता' वगैरे मोठे शब्द वापरले की हे निसटतं. माझ्या मते हे पुस्तक खिन्न कमी आणि चिडलेलं जास्त आहे. लिहिणाराही कर्जात बुडालेला होता. १८६६ साली ही कादंबरी क्रमशः छापून येत असतानाच त्याला एका प्रकाशकाला १ नोव्हेंबरच्या आत दुसरी कादंबरी द्यायची होती, नाहीतर नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क त्या प्रकाशकाकडे जाणार होता. लघुलेखिकेला तोंडी सांगत २६ दिवसांत त्याने ती पुरी केली. पुढच्या वर्षी त्याच मुलीशी लग्न केलं.

नावांनी गोंधळ उडतो म्हणालात. रास्कोल्निकोव्ह हे आडनाव. रोदियोन रोमानोविच म्हणजे रोमानचा मुलगा रोदियोन. आपल्या रेशनकार्डावर बापाचं नाव मधे असतं, तसंच. आणि रोद्या हे घरातलं हाक मारायचं नाव.

पण तुमची सुरुवातच चुकली. दोस्तोयव्हस्की बाजूला ठेवा आणि गोगोलची 'ओव्हरकोट' ही गोष्ट घ्या, एका बैठकीत संपते. ४०० रुबल वार्षिक पगाराचा कारकून ८० रुबलच्या कोटासाठी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्याने चवड्यांवर चालतो. हसू येतं. हसण्याची लाज वाटायला अजून दहा पानं लागतात. या लेखकांचं हसू ओळखता आलं नाही तर सगळंच सुतकासारखं वाटणार.

टॉलस्टॉयच्या गोष्टीतला, अंथरुणावर मरत पडलेला इव्हान इल्यिच मात्र घरात कुणी आजारी असेल तर सध्या नकोच. मी तो वडिलांच्या दुखण्यात वाचला आणि तीनदा मिटून ठेवला. त्याचा नोकर गेरासिम धन्याचे पाय रात्र रात्र खांद्यावर धरून बसतो, त्या पानाला अजून माझी बसच्या तिकिटाची खूण आहे.